रेशन बंद झालं, पण ‘नाही’ असं कुणीच लिहून दिलं नाही. मग अपील करायचं कशावर? हेमलकशातून समजून घेऊया

‘अंगठा येत नाहीये.’

‘नाव ऑनलाइन दिसत नाही.’

‘केवायसी बाकी आहे.’

‘इष्टांक संपलाय.’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात किंवा तहसीलच्या पुरवठा विभागात थोडा वेळ उभे राहिलात, तर यातलं एखादं वाक्य कानावर पडेलच. ऐकणारा माणूस पिशवीची घडी घालतो आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत घरी जातो.

ही चारही वाक्यं ऐकायला सारखी वाटतात, कारण शेवट एकच असतो, धान्य मिळत नाही. पण कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर चारही प्रकरणं पूर्ण वेगळी आहेत. यातल्या एका प्रकरणात माणूस पात्र आहे आणि फक्त मशीन अडलंय. एकात नाव काढून टाकलंय, तेही बहुतेक वेळा न कळवता. एकात फक्त एक प्रक्रिया राहिली आहे. आणि एकात तो पात्र असूनही त्याच्यासाठी जागा नाही.

गोम अशी की यातलं एकही वाक्य म्हणजे ‘तुम्हाला रेशन नाकारलं आहे’ असा अधिकृत निर्णय नाही. अपील नेहमी एखाद्या निर्णयाविरुद्ध होतं. त्या निर्णयाला तारीख लागते, कारण लागतं, खाली कुणाची तरी सही लागते. तोंडी सांगितलेल्या ‘पुढच्या महिन्यात या’ वर अपील करणार कसं?

हे समजून घ्यायला आपण हेमलकशाला जाऊया. कारण रेशनच्या नियमांत ज्यांचा हक्क सगळ्यात पक्का धरलाय, ते लोक इथे राहतात. आणि तो हक्क मागण्यासाठीचं कार्यालयही इथूनच सगळ्यात लांब पडतं.

माडिया कुटुंबाला उत्पन्नाचा दाखला लागतो का?

हेमलकसा म्हटलं की बहुतेकांना डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आठवतात. बाबा आमटेंनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात आहे. तालुक्याचं ठिकाण तीन-एक किलोमीटरवर, जिल्ह्याचं ठिकाण मात्र दीडशेहून जास्त किलोमीटरवर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा संपर्क तुटतो. ही बातमी दरवर्षी येते, तुम्ही पाहिलीही असेल.

या भागात राहतात माडिया. केंद्र सरकारच्या यादीत देशभरातले ७५ ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ आहेत. त्यातले तीन महाराष्ट्रात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. जुन्या सरकारी कागदांत यांना ‘आदिम जमाती’ म्हटलेलं दिसेल.

आता नियम बघा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोन गट आहेत. पहिला ‘प्राधान्य कुटुंब’, यात माणशी महिन्याला ५ किलो धान्य. दुसरा ‘अंत्योदय’, यात माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते मोफत राहील असं केंद्राने जाहीर केलंय.

प्राधान्य गटासाठी महाराष्ट्राने डिसेंबर २०१३ मध्ये उत्पन्नाची मर्यादा ठरवली: ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार रुपये, शहरी भागात ५९ हजार. ४४ हजार म्हणजे किती, याचा अंदाज घ्यायचा तर रोजगार हमीची मजुरी घ्या. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने घरातल्या सगळ्यांनी मिळून वर्षभरात १४२ दिवस काम केलं की मर्यादा ओलांडली. म्हणजे सरकारनेच ठरवलेली मजुरी वर्षातले पाच महिनेसुद्धा मिळाली, तर सरकारच्याच दुसऱ्या नियमाने ते घर गरीब उरत नाही. असो.

माडिया कुटुंबाला या हिशोबात पडायची गरजच नाही. अन्नाच्या हक्कासाठी पीयूसीएल या संघटनेने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या प्रकरणात २ मे २००३ रोजी न्यायालयाने आदेश दिला की काही गटांना थेट अंत्योदय कार्ड द्या. आधार नसलेले वृद्ध, विधवा आणि एकट्या स्त्रिया, अपंग, अशा गटांच्या सोबत त्या यादीत आदिम जमातीही होत्या. महाराष्ट्राच्या अंत्योदयच्या निकषांतही माडिया, कोलाम आणि कातकरी ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत.

म्हणजे माडिया असणं हीच पात्रता. जमीन किती, पगार किती, घर पक्कं की कच्चं, हे प्रश्न नंतरचे.

इथे एक छोटा हिशोब सांगायला हवा, कारण तो फारसा कुणी सांगत नाही. अंत्योदय नेहमीच फायद्याचं असतं असं नाही. तीन माणसांच्या घराला प्राधान्य गटात १५ किलो मिळेल आणि अंत्योदयात ३५. सात माणसं असतील तर दोन्हीकडे सारखंच, ३५ किलो. पण आठ माणसं झाली की प्राधान्य गटात ४० किलो होतात आणि अंत्योदयात ३५ च राहतात. मुलाचं लग्न होऊन चूल वेगळी झाली असेल, तर वेगळ्या कार्डासाठी अर्ज करणं मोठ्या घरांसाठी म्हणूनच महत्त्वाचं ठरतं. आणि कायद्यानुसार कुटुंबप्रमुख म्हणून नाव घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं लागतं, बाप्याचं नाही. तक्रार करतानाही तिच्याच नावाने करा.

एवढा पक्का नियम असताना अडतं कुठे? आता त्या चार वाक्यांकडे परत येऊ.

‘अंगठा येत नाहीये’

हे सगळ्यात सोपं प्रकरण आहे, आणि तरीही सगळ्यात जास्त लोक इथूनच परत फिरतात.

ई-पॉस मशीन अंगठ्याचा ठसा आधारच्या नोंदीशी जुळवून बघतं. म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजतात, शेतात आणि जंगलात काम करणाऱ्यांचे तर तरुणपणीच झिजतात. त्यात नेटवर्क गेलं की चांगला ठसासुद्धा उपयोगाचा नाही. यात माणसाच्या पात्रतेचा प्रश्न येतच नाही. फक्त ओळख पटवण्याची एक पद्धत त्या वेळी चालली नाही, एवढंच.

केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सगळ्या राज्यांना पत्र लिहून हे स्पष्ट केलं होतं. आधार नाही, आधार जोडलेलं नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नका, नाव वगळू नका. अशा वेळी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य द्या आणि त्याची वेगळ्या नोंदवहीत नोंद ठेवा.

हे पत्र निघायला एक कारण घडलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधार न जोडल्यामुळे कुटुंबाचं रेशन कार्ड रद्द झालं होतं आणि घरात काही दिवस अन्न नव्हतं, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. सरकारने मृत्यूचं कारण मलेरिया असल्याचं सांगितलं. पुढे सर्वोच्च न्यायालयात या कुटुंबाच्याच नावाने रद्द झालेल्या कार्डांबद्दल याचिका दाखल झाली.

तेव्हा दुकानदार ‘अंगठा येत नाही’ म्हणाला तर ‘मग ओटीपीने करा, नाहीतर नोंदवहीत लिहा’ एवढं तरी म्हणता आलं पाहिजे. अर्थात, ओटीपीसाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा आणि मोबाइलला रेंज हवी. भामरागडच्या आतल्या गावांत हे ‘अर्थात’ बरंच मोठं आहे, म्हणूनच तिथे नोंदवही जास्त महत्त्वाची.

‘नाव ऑनलाइन दिसत नाही’

हे वाक्य ऐकलं की समजायचं, प्रकरण दुकानाच्या हातातलं नाही. दुकानदाराकडे फक्त मशीनवरची यादी असते. यादी बदलते तहसीलच्या पातळीवर. त्यामुळे दुकानात भांडून उपयोग नसतो. घरातल्या पाचपैकी तीनच नावं यादीत असतील, तर मशीन तिघांचंच धान्य देणार.

नाव जाण्याची कारणं अनेक असू शकतात: आधार जोडलेलं नाही, दोन ठिकाणी नाव आहे असं संगणकाला वाटलं, मृत म्हणून नोंद झाली, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला. माडिया नावं मराठीत एक लिहिली जातात, इंग्रजीत दुसरी, आणि आधारवर तिसरीच छापून येतात. ज्याचं नाव आहे त्याला यातली एकही लिपी वाचता येत नसेल, तर चूक त्याच्या लक्षात येते थेट धान्य बंद झाल्यावर.

सरकारची बाजूही इथे मांडायला हवी. बोगस कार्डं होती, हे कुणी नाकारत नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जात होतं, एकाच घराची दोन-दोन कार्डं होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सांगितलं की देशात ५ कोटी ८० लाख बोगस कार्डं काढून टाकली गेली. तो आकडा तुम्ही पोस्टवरही पाहिला असेल.

पण रद्द झालेलं प्रत्येक कार्ड बोगसच होतं, हे कुणी आणि कसं तपासलं?

झारखंडमध्ये हे तपासलं गेलं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या दहा जिल्ह्यांत अभ्यास केला. २०१६ ते २०१८ या काळात रद्द झालेल्या कार्डांचा नमुना घेऊन ती कुटुंबं खरंच आहेत का हे शोधलं. सुमारे ९० टक्के कार्डांमागे खरी, हाडामांसाची कुटुंबं निघाली. ती सगळी पात्रच होती असा याचा अर्थ नाही. काही घरांची परिस्थिती सुधारलेली असू शकते. पण ‘बोगस’ हा शब्द त्यांना लावता येणार नाही.

दुसरं उदाहरण तर गडचिरोलीच्या शेजारचं आहे. तेलंगणात २०१४ नंतरच्या काही वर्षांत सुमारे १९ लाख रेशन कार्डं रद्द झाली. वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र करून एक संगणकीय प्रणाली ठरवत होती की या घराकडे गाडी आहे, त्या घराकडे जमीन आहे, म्हणून अपात्र. घरांना नोटीस गेली नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा.

दोन्हीकडे पात्रता ठरवताना चुका झाल्या, आणि कोट्यवधी लोकांच्या यादीत चुका होणारच. मला जास्त गंभीर वाटतं ते हे की चूक झाली हे त्या माणसाला कुणी कळवलं नाही. नोटीस आली असती तर तो म्हणाला असता, ‘अहो, ती गाडी माझी नाही.’

तुलनेसाठी ब्रिटनचं बघा. तिथे सरकारी भत्ता नाकारला की घरी पत्र येतं. पत्रावर तारीख असते, कारण असतं, आणि एक महिन्यात फेरविचार मागा हेही लिहिलेलं असतं. फेरविचारातही नकार आला तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथली व्यवस्था फार दयाळू आहे असं अजिबात नाही, तक्रारी तिथेही ढीगभर आहेत. पण भांडायला निदान हातात एक कागद असतो.

‘केवायसी बाकी आहे’

ई-केवायसी हा शब्द आता घराघरांत पोचलाय, त्याचं श्रेय ‘लाडकी बहीण’ योजनेला द्यावं लागेल. त्या योजनेत जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख महिलांचे हप्ते पडताळणीसाठी थांबवल्याचं मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं होतं. त्यानंतर सगळ्यांनाच ई-केवायसी सक्तीची झाली.

पण रेशन आणि लाडकी बहीण यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाडकी बहीण चालते शासन निर्णयावर, तो २८ जून २०२४ चा. सरकारला वाटलं तर दुसरा शासन निर्णय काढून निकष बदलता येतात. रेशन मात्र संसदेने केलेल्या कायद्याने मिळतं. त्या कायद्यात हक्क लिहिलाय, तो मिळाला नाही तर कुणाकडे जायचं हेही लिहिलंय.

रेशनच्या केवायसीचा नियम केंद्राच्या जुलै २०२५ च्या आदेशाने आणखी पक्का झाला. आता दर पाच वर्षांनी ई-केवायसी करावी लागेल. सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय होईल आणि पुढच्या तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी करून ती व्यक्ती पात्र आहे की नाही हे ठरवलं जाईल.

‘तात्पुरतं’ आणि ‘घरी जाऊन’ हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. धान्य उचललं नाही म्हणून कार्ड आपोआप कायमचं रद्द होत नाही. मधे कुणीतरी घरी यायला हवं.

आता हेच भामरागडमध्ये कसं दिसेल, विचार करा. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या दुर्गम गावांसाठी नवसंजीवनी योजनेत चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवलं जातं. उन्हाळ्याच्या तोंडावर बरीच माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे तिथल्या दुकानातही धान्य घेता येतं, पण ते माहीत असलं तर. वर्षातले महिने असे तुटक जात असताना सहा महिन्यांचा हिशोब चुकण्याची शक्यता पुण्या-मुंबईपेक्षा इथे कितीतरी जास्त आहे. आणि ‘घरी जाऊन पडताळणी’ करायला जाणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तेच नदी-नाले ओलांडावे लागतात.

केवायसी बाकी असेल तर ती करून टाकणं हाच सोपा मार्ग आहे, त्यात वाद नाही. ‘मेरा ई-केवायसी’ या अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही ती होते, ठसे झिजलेल्यांना हे सोयीचं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी गावातल्या आजी-आजोबांची करून दिली तर बरंच काम हलकं होईल. पण केवायसी ही पात्रतेची अट नाही. माडिया आजीची केवायसी झाली नाही, म्हणून ती माडिया राहिली नाही असं होत नाही.

‘इष्टांक संपलाय’

चारपैकी सगळ्यात अवघड वाक्य हे.

इष्टांक म्हणजे कोटा. कायद्याने देशाच्या ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरवलं. त्यातून प्रत्येक राज्याला आकडा मिळाला. महाराष्ट्राच्या वाट्याला आले सुमारे ७ कोटी लोक. त्यातच अंत्योदयची सुमारे २५ लाख कुटुंबं. पुढे जिल्हा, तालुका, दुकान असा तो वाटला गेला.

हा आकडा २०११ च्या जनगणनेवर आधारलेला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची होतेय २०२७ मध्ये. तेवढ्या वर्षांत लोकसंख्या वाढली, कोटा तिथेच. म्हणून तहसीलमध्ये सांगतात, ‘तुम्ही बसता निकषांत, पण इष्टांक शिल्लक नाही. कुणाचं कमी झालं की तुमचं टाकू.’

खरं सांगायचं तर या वाक्यावर अपिलातून सरसकट तोडगा निघत नाही. अपील ऐकणारा अधिकारी कोटा वाढवू शकत नाही. सामान्य प्राधान्य गटातल्या कुटुंबाला इथे थांबावं लागतं, आणि हे थांबणं किती वर्षांचं असेल हे कुणी सांगत नाही.

माडिया कुटुंबाचा मुद्दा इथे वेगळा पडतो. त्यांचा दावा ‘आम्ही गरीब आहोत, रांगेत घ्या’ असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ज्या गटाला थेट अंत्योदय द्यायला सांगितलं, त्या गटातले आम्ही आहोत, असा आहे. त्यामुळे अर्जात उत्पन्नाचा आकडा सगळ्यात वर लिहिण्याऐवजी जमात वर लिहायला हवी, आणि २ मे २००३ ही तारीखसुद्धा. जमातीचा दाखला नसेल तर तो आधी काढावा लागतो, आणि बऱ्याच घरांचं घोडं तिथेच अडतं.

मग अपील नेमकं कुठे करायचं?

दोन वाटा आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी धरता येतात.

पहिली अन्नसुरक्षा कायद्याची. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी ठेवायला सांगितलंय. हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते. त्याचा निर्णय पटला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील. आयोगावर अध्यक्ष आणि पाच सदस्य असतात, त्यात किमान दोन महिला, एक अनुसूचित जातीची आणि एक अनुसूचित जमातीची व्यक्ती असायलाच हवी. जिल्हा अधिकाऱ्याने द्यायला सांगितलेला दिलासा एखाद्या कर्मचाऱ्याने कारण नसताना दिला नाही, तर आयोग त्याला ५ हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतो. साधी तक्रार नोंदवायला १९६७ हा हेल्पलाइन नंबर आहे. फोन केलात तर तक्रार क्रमांक मागून घ्या, नाहीतर तो फोन झालाच नाही असं धरा.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. हक्काचं धान्य देता आलं नाही तर सरकारने त्याबदली पैसे द्यायचे, त्याला ‘अन्न सुरक्षा भत्ता’ म्हणतात. २०१५ च्या नियमांनुसार हमीभावाच्या सव्वापट रकमेतून रेशनचा दर वजा करून तो काढतात. गव्हाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे भत्ता किलोमागे साधारण २८ ते ३० रुपये येतो. अंत्योदयच्या ३५ किलोंना गुणून बघा. तक्रारीत ‘धान्य सुरू करा’ एवढंच लिहिलं तर मागचे महिने बुडतात. ‘बुडालेल्या महिन्यांचा भत्ता द्या’ हेही लिहा.

दुसरी वाट आहे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ची, आणि आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. नवीन रेशन कार्ड, नाव वाढवणं, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, अशा सेवांना या कायद्याने मुदत घालून दिली आहे. अर्ज दिला की त्याला क्रमांक मिळायला हवा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यायला हवं, आणि अपील कुणाकडे व किती दिवसांत करायचं हेही कळवायला हवं.

आणि लेखी उत्तर आलंच नाही तर? तरी अडत नाही. मुदत उलटून गेली की त्याच गोष्टीवर पहिलं अपील करता येतं. म्हणजे इथे गप्प बसणं हासुद्धा नकारच धरला जातो. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं. त्याच्या निर्णयावर समाधान नसेल तर पुढच्या ३० दिवसांत दुसरं, आणि नंतर ६० दिवसांत तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

यासाठी एकच गोष्ट लागते: अर्ज केल्याचा पुरावा. तोंडी विचारणा केली असेल तर मुदत सुरूच होत नाही. म्हणून ‘नाव ऑनलाइन दिसत नाही’ असं ऐकल्यावर पहिलं काम, साध्या कागदावर अर्ज. ‘आमचा शिधापत्रिका क्रमांक अमुक. अमुक महिन्यापासून धान्य मिळालेलं नाही. नाव कधी, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या आदेशाने वगळलं ते लेखी कळवावं. आम्ही माडिया जमातीचे असून अंत्योदयसाठी पात्र आहोत. नाव पुन्हा घ्यावं.’ दोन प्रती करायच्या, एकीवर पोच घ्यायची. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा, पावतीवरची तारीख म्हणजे पोच.

हे लिहायला सोपं आहे, मला कल्पना आहे. माडिया बोलणाऱ्या माणसाने मराठीत अर्ज लिहायचा, त्यासाठी मजुरीचा दिवस घालवायचा, आणि सुनावणी लागली तर दीडशे किलोमीटरवर गडचिरोलीला जायचं. ३५ किलो धान्यासाठी एवढा खर्च कोण करेल? एकेकट्याने तर नाहीच.

गावाने मिळून केलं तर?

इथे भामरागडच्या हातात असं काहीतरी आहे जे पुण्या-मुंबईतल्या रेशन कार्डधारकाकडे नाही.

हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. त्या कायद्याने गरिबी निर्मूलनाच्या आणि इतर योजनांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. गडचिरोलीला ग्रामसभेची ताकद नवी नाही. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ती देशाला दाखवली.

मग रेशनसाठीही हेच करता येतं. गावातल्या किती घरांचं धान्य बंद आहे, कुणाला चारपैकी कोणतं वाक्य सांगितलं गेलं, याची यादी ग्रामसभेत वाचायची. ठराव करायचा. ठरावाला सगळ्यांचे अर्ज जोडायचे आणि एकाच माणसाने ते गठ्ठ्याने तहसीलला द्यायचे, एकच पोच घ्यायची. पुढे जिल्ह्याला जावं लागलं तर पन्नास जणांऐवजी दोघं जातील. रेशन दुकानाची दक्षता समिती आणि सामाजिक अंकेक्षण या दोन्ही गोष्टीही अन्नसुरक्षा कायद्यातच आहेत. ही समिती गावात आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे त्याच सभेत विचारता येईल.

आणि पूर आला तर? लोकसेवा हक्क कायद्यात पहिल्या अपिलाची मुदत ३० दिवस असली, तरी सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत उशीर माफ करता येतो. पर्लकोटेचा पूल पाण्याखाली होता हे सबळ कारण आहे. अपिलात ते तारखांसह लिहायचं, आणि सोबत त्या दिवसांच्या बातमीचं कात्रण जोडायचं.